रीथानं पट्टी मोडली

रीथाचं नाक दोनदा मोडलं. दोन्ही वेळा माझ्या सख्ख्या भावानंच मोडलं. पहिल्यांदा घरात, ओट्यापाशी, आणि तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्यांदा जत्रेत, चार हजार माणसांदेखत, आणि तेव्हा मात्र सगळी काउंटी, म्हणजे आमचा अख्खा जिल्हा, अशी खवळली की विचारू नका. ह्या दोन मोडण्यांच्या मधे एक गाणं आहे. गाणं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे, पण ती बाई कोण होती, कशी होती, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी सांगतेय, मधे बोलू नका.

मी नेल्डा पोग. अमेरिकेत, केंटकी राज्याच्या पश्चिम भागात, आमच्या हॅडली गावात, पोस्टाच्या शेजारी माझं केशकर्तनालय आहे. बायकांचे केस धुते, कापते, कुरळे करते, आणि लागलं तर डाग झाकते. पावडरीच्या तीन छटा मी खास त्यासाठीच ठेवायची. आमच्याकडे बायकांना डाग पडायला कारणं पुष्कळ. कपाटाचं दार लागलं, गाईनं लाथ मारली, पायरी चुकली. आमच्या काउंटीतली कपाटं फार मारकुटी हो! मी कधी कुणाला उलटून विचारलं नाही. पावडर लावायची, आरसा दाखवायचा, "छान दिसतेस गं" म्हणायचं, संपलं.

रीथा आमच्या घरात आली ती चौऱ्याहत्तर साली, माझ्या धाकट्या भावाची, वेंडलची, बायको होऊन. हाडापेरानं दणकट, मनगटं पुरुषासारखी. डुकरं कापायच्या कारखान्यात ती सुरीवर होती. दिवसभर डुकराचे खांदे हाडापासून सोडवायचे हे तिचं काम, आणि तिचा हात असा चालायचा की शेजारचे गडी आपलं काम सोडून बघत राहायचे. शनिवारी मात्र हात घासून घासून धुवायची, गिटार उचलायची आणि माजी सैनिकांच्या हॉलमध्ये गायची. आवाज गोडबिड नव्हता. घोगरा होता, पण त्या आवाजाला खोटं बोलताच यायचं नाही. ती गायला लागली की बाटली तोंडाशी नेलेली माणसं तशीच थांबायची. वेंडल तिथंच भाळला.

वेंडल दिसायला देखणा, बोलायला गोड आणि हाताचा वाईट. तो हात घरातूनच आलेला. आमचे बाबा, हॉबर्ट पोग, त्यांचाही तसाच. आईनं, ऑपलनं, एक्केचाळीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. रीथा पहिल्यांदा सुजलेला डोळा घेऊन तिच्याकडे आली तेव्हा आई म्हणाली, "बर्फ लाव आणि सोस बाई. पोगांचे पुरुष लवकर रागावतात, पण लवकर विसरतात."

"ते विसरतात हो, ऑपलबाई," रीथा म्हणाली. "माझा डोळा कुठं विसरतो?"

आई आत गेली. बर्फ दोन फडक्यांत बांधून आणला. एक तिला दिला, एक स्वतःच्या मनगटाला लावला.

आता डर्बीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घराण्याचा धर्म म्हणजे डर्बी, चर्च त्याच्यानंतर. ऑगस्टातल्या जत्रेचा शेवटचा शनिवार. जुन्या गाड्यांच्या काचा काढायच्या, दारं वेल्डिंग करून बंद करायची, मैदानावर पाणी मारून चिखल करायचा आणि एकमेकांना ठोकत सुटायचं. शेवटी ज्याची गाडी हलती राहील तो जिंकला. नियम थोडेच. चालकाच्या दारावर ठोकायचं नाही, हा एक. दुसरा पट्टीचा. प्रत्येक गाडीला चालकाच्या खिडकीशी हातभर लाकडी पट्टी उभी बांधलेली असते. पुरे झालं, आता सोसवत नाही, असं वाटलं की हात बाहेर काढायचा आणि पट्टी आपली आपण मोडायची. पट्टी मोडली की तुम्ही बाहेर, आणि मग तुमच्या अंगाला कुणी म्हणजे कुणी गाडी लावायची नाही. मोडल्या पट्टीवर ठोकणं म्हणजे आमच्याकडे महापाप.

बाबा ह्या डर्बीचे निशाणवाले, सव्वीस वर्षं. निशाण त्यांच्या हातात आणि नियम त्यांच्या जिभेवर. वेंडल पाच वेळा जिंकलेला, आणि त्यानं जन्मात पट्टी मोडली नव्हती. "पट्टी मोडणारा माणूस आणि शेपूट घालणारं कुत्रं, दोन्ही सारखंच," असं तो छाती काढून सांगायचा. त्याच्या गाड्यांचं वेल्डिंग कोण करायचं? रीथा. पट्टी कोण बांधायचं? रीथा. ते ऐकून ऐकून तिच्याही डोक्यात तेच भिनलं. मी एकदा तिच्या कपाळावर पावडर थापता थापता म्हटलं, "सोड की गं त्याला." तर म्हणते कशी, "मी काय पट्टी मोडणारी वाटले होय तुला?" आमच्या लोकांची ही खोड बघा. मैदानातला माज घरात आणतात आणि मैदानातला नियम मात्र कुंपणाबाहेर सोडून येतात.

तरी ती तीनदा निघून गेली. आणि तीनदा परत आली. तिला आणायला कोण जायचं माहितीय? मीच. वेंडल माझ्या दुकानात येऊन ढसाढसा रडायचा, "नेल्डा, तुझं ती ऐकते, सांग ना तिला." की निघाले मी शेपूट हलवत! माझा भाऊ आहे, बदलेल म्हटलं, घर मोडायला नको म्हटलं. तिसऱ्यांदा आणलं त्याच्या दहाव्या दिवशी त्यानं ओट्याच्या कडेवर तिचं नाक मोडलं. का? तर कॉफी गार होती. डॉक्टरला तिनं सांगितलं की कपाटाचं दार लागलं. मी शेजारीच उभी होते आणि मी मान डोलावली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितली. जेवण करून वेंडल सोफ्यावर उताणा झोपला होता, टीव्हीवर मॅच चालू होती. रीथा त्याच्याजवळ उभी राहिली. हातात कारखान्यातली सुरी.

"कुठं घालायची ते मला ठाऊक होतं, नेल्डा," ती म्हणाली. "बरगडीच्या खाली, सहा इंच आत, आणि मनगट जरा डावीकडे वळवायचं. डुकराला कळतसुद्धा नाही. त्याच्या गळ्याची शीर उडताना मी बघत होते. ठोके मोजत होते. एकशे चाळीसपर्यंत मोजले."

"मग?"

"मग त्यानं झोपेत माझं नाव घेतलं, प्रेमानं. तेव्हा तर जास्तच वाटलं की घालावी. मी मोरीत जाऊन सुरी धुतली. न वापरलेलीच सुरी धुतली बघ! आणि पावाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीनं गाणं लिहिलं. नसतं लिहिलं तर आज तू भावाच्या थडग्यावर फुलं ठेवत असतीस."

त्याच दुपारी ती गिटार, सुरी आणि ती पिशवी घेऊन बाहेर पडली. पशुखाद्याच्या दुकानामागं एक जुनी फिरत्या घराची गाडी भाड्यानं घेतली आणि काडीमोडीचे कागद वकिलाकडे टाकले.

बर्ल टँडी म्हणून एक गृहस्थ होता. त्याच्या गॅरेजात रेकॉर्ड करायचं यंत्र होतं, आणि शनिवारी सकाळी रेडिओवर तो अर्धा तास बोलायचा. कोण मेलं, डुकरांचा भाव काय, आणि मधे मधे गाणी. रीथा पिशवी घेऊन त्याच्याकडे गेली. मीही होते. व्हायोलिनवाला होता, स्टील गिटारवाला होता, आणि ड्रमवर अंडी घालून एक कोंबडी बसली होती, ती हाकलावी लागली.

पहिली दोन कडवी ऐकून बर्ल म्हणाला, "झकास आहे, पोरी. पण जरा रडून गा ना. नवरा सोडलाय तू, म्हैस नव्हे."

"रडणं झालंय माझं," रीथा म्हणाली. "लोकांनी रेकॉर्ड घेतली तर नाचायला घ्यावी. रडायला त्यांना आपापली घरं आहेत."

गाणं असं होतं:

सोमवारी रडले मी, मंगळवारी जरा कमी,
बुधवारी विसरले की रडायची होते मी.
पट्टी मोडली, गड्या, माझी मीच मोडली,
तुझी गाडी तुझ्यासाठी चिखलात सोडली.
आता ठोकशील तर खेळ तुझा संपला,
निशाण पडलं खाली, नियम आहे आपला.

रेकॉर्ड जून महिन्यात निघाली, एक्क्याऐंशी साली. तीनशे प्रती. बर्लनं रेडिओवर लावली आणि आठ दिवसांत गाण्यानं काउंटी खाल्ली. हॉलमधल्या नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेटीत तेच, पेट्रोलपंपावर तेच. माझ्या दुकानात बायका डोक्याला रोलर लावून पाय आपटत म्हणायच्या, बुधवारी विसरले की रडायची होते मी! ज्यांच्या डोळ्याखाली माझी पावडर, त्याच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायच्या.

आणि जिचं गाणं, ती? एका मंगळवारी मी तिचे केस धुवत होते. रेडिओवर गाणं लागलं. बघते तर हिचे खांदे हलतायत. साबण डोळ्यांत गेला म्हणून मी टॉवेल दिला, तर साबण कुठला!

"खोटं आहे ते गाणं," ती बेसिनमध्ये मान टाकूनच म्हणाली. "बुधवार आलाच नाही माझा, नेल्डा. काल मी त्याच्या घरावरून गाडी नेली. दोनदा. दिवा दिसला तर पाय आपोआप ब्रेकवर गेला. तो नुसता 'ये' म्हणाला तर मी जाईन गं. आणि ह्या खेपेला गेले तर एक तर तो मला मारून टाकेल नाहीतर मी त्याला."

माझे हात तिच्या केसांत तसेच थांबले. तीन वेळचे ते निरोप मला आठवले. वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

तिकडे वेंडलचं जगणं लोकांनी हराम केलं होतं. तो पेट्रोल भरायला गेला की मागून कुणीतरी हळूच शीळ घालायचं, पट्टी मोडली, गड्या. जुलैच्या शेवटी एका भर दुपारी तो रीथाच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. ती कारखान्यात होती म्हणून वाचली. त्यानं दार फोडलं, उरलेल्या रेकॉर्डचं खोकं अंगणात आणलं आणि एकेक काढून ठोकळ्यावर ठेवून फोडली. मग गिटार फोडली. शेजारपाजारचे गॅलरीत बसून बघत होते. त्यातल्याच एकानं डेप्युटीला, म्हणजे गावच्या पोलिसाला, फोन केला. डेप्युटी आला, तुकडे बघितले, आणि रीथा कामावरून परतल्यावर तिला म्हणाला, "घरचं भांडण घरात मिटवा बाई. काडीमोड अजून झालेली नाही, कायद्यानं तो अजून तुझा नवराच."

जाताना वेंडल फोडलेल्या दारावर खडूनं लिहून गेला होता: "पट्टी मोडायला आधी गाडीत बसावं लागतं."

रीथानं ते वाचलं. पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी जत्रेच्या कचेरीत जाऊन तिनं शनिवारच्या डर्बीत नाव घातलं. बायकांची शुक्रवारची वेगळी असते, त्यात नाही, पुरुषांच्यात! बाबा नियमांची वही घेऊन बसले. वहीत बायकांना बंदी अशी कुठं लिहिलेलीच नव्हती. "नियम म्हणजे नियम," बाबा म्हणाले आणि नाव लिहून घेतलं. वर हसलेही, की पहिल्या मिनिटाला रडत बाहेर येईल.

मी तिला विचारलं, "अगं, वेड लागलंय का तुला? जीव घेईल तो."

ती वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "मला जिंकायचं नाहीये. मला त्याच्या डोळ्यांसमोर पट्टी मोडायचीय. एकदाच. गाडी चालू असताना, धडधाकट असताना. मग लोक मला काय वाटेल ते म्हणू देत. तोंडानं मी सगळ्या जगाला सांगितलं, त्याला हातानं सांगायचं राहिलंय. तेवढं केलं तर मी सुटेन."

शनिवारी ऊन मी म्हणत होतं. आई आणि मी तिसऱ्या पायरीवर बसलो होतो, आईच्या मांडीवर तिची काळी पर्स. चौदा गाड्या मैदानात आल्या. बर्ल माइकवर होता, आणि त्या चहाटळानं नेमकं तेच गाणं लावलं. लोक उभे राहून गायला लागले. वेंडलची लाल गाडी आत आली तर टपावर हे मोठ्या पांढऱ्या अक्षरात रंगवलेलं, रीथा घरी ये. लोक खो खो हसले. मीही हसले असते, पण आईनं माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं रुतत होती.

रीथाची गाडी म्हणजे जुनी लांबुडकी स्टेशन वॅगन, राखाडी. लोकांनी उलटे आकडे मोजले, बाबांनी निशाण पाडलं आणि सुरू झालं. काय ते आवाज! पत्रा फाटत होता, रेडिएटर फुटून उकळतं पाणी उडत होतं, चिखलाचे गोळे आमच्या अंगावर येत होते. रीथा शहाण्यासारखी उलटी गाडी चालवून मागच्या बाजूनं ठोकत होती. एका निळ्या गाडीचं चाक तिनं असं मोडलं की ते पाय लचकलेल्या घोड्यासारखं आत वळलं. एकाला कुंपणावर चेपलं. वेंडल तिच्या मागं नव्हता, तो आधी बाकीच्यांना संपवत होता. त्याला तिच्यासाठी मैदान मोकळं करायचं होतं, हे मला कळत होतं. एका म्हाताऱ्याच्या गाडीला त्यानं इतकं ठोकलं की म्हाताऱ्यानं पट्टी मोडेपर्यंत त्याच्या तोंडातून रक्त यायला लागलं. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या पुढची बाई शेंगदाणे खात खात ओरडत होती, "हाण! हाण त्याला!"

वीस मिनिटांत मैदानात दोनच गाड्या हलत्या राहिल्या. राखाडी आणि लाल.

रीथानं गाडी मैदानाच्या मध्यावर आणली, वळवून त्याच्याकडे तोंड करून उभी केली. इंजिन चालू, चारी चाकं शाबूत. मागचा भाग चेपलेला, पण अजून दहा मिनिटं लढली असती. लोक ओरडायला लागले, "चल, रीथा! जिंकतेस! ठोक त्याला!" तिनं हात बाहेर काढला. पट्टी धरली. त्याच्याकडे बघत राहिली, आणि पट्टी मोडली. मोडलेला तुकडा डोक्याच्या वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

जिंकत असताना पट्टी मोडलेली आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. बाबांनी निशाण तिच्या दिशेनं खाली केलं. ती बाहेर. म्हणजे वेंडल जिंकला होता! काही न करता सहाव्यांदा जिंकला होता. नुसतं गप्प बसायचं होतं मेल्याला.

त्यानं गाडी सोडली. उलटी नाही, सरळ, नाकासमोर. चालकाच्या दारावर. तो आवाज मी वर्णन करून सांगणार नाही. वॅगन आडवी सरकली. रीथाचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. तो मागं गेला, चिखल उडवत मागं गेला, आणि परत आला. त्याच दारावर. तिसऱ्यांदा मागं जात होता तेव्हा बाबांनी निशाणाची काठी त्याच्या तोंडावर फेकली आणि अग्निशमनवाल्यांनी पाण्याचा झोत सोडला. तोवर कुंपणावरून माणसं उड्या टाकत होती. पन्नास, साठ, किती ते देव जाणे.

वेंडलला त्यांनी खिडकीतून ओढून काढला. लाथा, बुक्के, एकानं पाना घेतला होता. "मोडल्या पट्टीवर ठोकतोस? हरामखोरा! मोडल्या पट्टीवर?" त्यातले निम्मे ते, ज्यांनी कुऱ्हाडीच्या दिवशी गॅलरीत बसून बघितलं होतं. तो डेप्युटी! तोच डेप्युटी वेंडलच्या पाठीवर गुडघा ठेवून बेड्या घालत होता आणि शिव्या देत होता. माझ्या भावाचे दात चिखलात पडले. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, रक्ताचं नातं आहे. पण मी जागची हलले नाही.

मी हलले ती रीथाकडे. दार चेपून आत गेलेलं, तिला दुसऱ्या बाजूनं ओढून स्ट्रेचरवर ठेवत होते. नाक बाजूला वाकलेलं, खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडून वर आलेलं. मुठीत पट्टीचा तुकडा तसाच. भोवती ही गर्दी, सगळे तिला सांगतायत, "बघितलं आम्ही. सगळ्यांनी बघितलं. सोडणार नाही त्याला."

रीथानं तोंडातलं रक्त थुंकलं. "आत्ता दिसलं होय तुम्हाला?" ती म्हणाली. "सात वर्षं मी ह्याच तोंडानं तुमच्यासमोरून फिरले. आधीच अंगाला लाकडी पट्टी बांधून फिरायला हवं होतं, नाही का?"

डेप्युटी आपल्या बुटांकडे बघत होता. मीसुद्धा माझ्याच बुटांकडे बघत होते.

वर बाबांनी माइक घेतला होता. "वेंडल पोग, जन्मभर बंदी. मोडल्या पट्टीवर जो हात टाकतो तो माणूस नव्हे, जनावर. मग तो माझ्या पोटचा असला तरी." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, काहींनी डोळे पुसले. आईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पर्स छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होती, अगदी पहिल्यांदा बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईला चर्चला न्यायला मी सकाळी घरी गेले. बाबा टेबलापाशी बसून कालचंच सांगत होते, चौथ्यांदा. "नियम म्हणजे नियम. चार हजार माणसं उठून उभी राहिली माझ्यासाठी." मग त्यांनी आमच्याकडच्या पावासारख्या मऊ बिस्किटावर रस्सा ओतला, घास घेतला आणि ताटली ढकलली. "गुठळ्या झाल्यात. लक्ष कुठं असतं गं तुझं, भवाने?" आणि खुर्ची मागं सारली. खुर्चीचा तो आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या आवाजासरशी मी आणि वेंडल टेबलाखाली जायचो.

आईच्या हातात लाकडी डाव होता, रश्श्याचा. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि वाकवला. मोडेना. ओट्याच्या कडेवर आपटला. मोडेना. मग गुडघ्यावर घेऊन असा दाबला की कडकन दोन तुकडे झाले. ते तिनं बाबांच्या ताटलीत ठेवले, एकाशेजारी एक.

बाबा हसले. मग त्यांचा हात वर गेला.

"पट्टी मोडलीय, हॉबर्ट," आई म्हणाली.

हात वरच राहिला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात त्या स्वयंपाकघरात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, इथं चार हजार माणसं नाहीत. पण मी बघतेय. आणि उद्या दुकान उघडलं की सगळ्यांना सांगणार आहे."

तो हात खाली यायला किती वेळ लागला म्हणून सांगू! पण आला, रिकामाच आला. आईनं पर्स घेतली, मी गाडीच्या किल्ल्या घेतल्या, आणि आम्ही चर्चला न जाता इस्पितळात गेलो.

रीथाचं तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. आई खाटेच्या कडेवर बसली. "बर्फ लाव म्हटलं होतं मी तुला," ती म्हणाली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "माझं चुकलं गं पोरी." मग तिनं डावाचं सांगितलं. "जाड होता मेला. तिसऱ्यांदा मोडला."

रीथाला हसू आलं, हसताना मोडलेल्या तीन बरगड्या दुखल्या, ती कळवळली. "मला चार खेपा लागल्या, ऑपलबाई," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यापेक्षा तयारीच्या."

सोमवारी वेंडलनं तुरुंगातून मला फोन केला. दात नसल्यामुळं बोलणं नीट कळत नव्हतं, पण कळायची गरजच काय, तेच ते होतं. नेल्डा, तिला सांग. मी म्हटलं, "नाही सांगणार." आणि फोन ठेवला. पण लपवणं मला बरं वाटेना, म्हणून फोन आला होता एवढं रीथाच्या कानावर घातलं. ती दिवसभर रडली. मी अडवलं नाही. मंगळवारीही रडली, जरा कमी.

बुधवारी मी कामाची पेटी घेऊन गेले. ती उशीला टेकून बसली होती, खिडकीबाहेर बघत.

"नेल्डा, केसांचं काहीतरी कर बाई," ती म्हणाली. "कावळ्याचं घरटं झालंय. शनिवारी हॉलमध्ये गायचंय मला. बर्लनं गिटार आणून दिलीय, वाजवायला दुसरं कुणीतरी मिळेल."

मी केस विंचरले, गुंता काढला, बाजूनं पिना लावल्या. दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं उतरलं होतं, नाकावर बँडेज. सवयीनं माझा हात पेटीत गेला आणि मधल्या छटेची पावडर बाहेर आली.

रीथानं माझं मनगट धरलं. "ती नको," ती म्हणाली. "असंच जाणार मी. बघू दे सगळ्यांना."

मी पावडरीचा डबा बंद केला.